माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खाण्याची ओढ: ‘पायका’ म्हणजे नेमकं काय? सातारा-सांगलीत मदत कुठे मिळते?

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका वयोवृद्ध गृहस्थांची बातमी देशभर फिरली. पोटदुखी थांबावी म्हणून एका वृद्ध महिलेच्या सल्ल्यावरून त्यांनी दगडाचे खडे खायला सुरुवात केली आणि तीस वर्षांहून अधिक काळ ते खडे खात आहेत, असं त्या बातम्यांत म्हटलं होतं. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट नवल म्हणून सांगितली गेली.

बातमी वाचून कुणाचंही निदान करता येत नाही. पण खाण्याच्या नसलेल्या वस्तू खाण्याची ओढ ही केवळ नवलाची गोष्ट नाही. वैद्यकशास्त्रात तिला नाव आहे, तिची कारणं तपासता येतात आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ती थांबवताही येते. दगड खाणारा माणूस बातमीत येतो. दप्तरातली पेन्सिल कुरतडणारी मुलगी, भिंतीचे पोपडे खाणारं लहान मूल किंवा पदराआड भाजलेली माती खाणारी गरोदर बाई मात्र कुणाला दिसत नाही. घरात कळलं तर ओरडा बसतो, बाहेर कळलं तर हसं होतं. म्हणून बहुतेक जण ते लपवतात, आणि तपासणी राहून जाते.

थोडक्यात महत्त्वाचं

- खाद्य नसलेली वस्तू महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ वारंवार खाल्ली जात असेल, तर त्याला ‘पायका’ म्हणतात.
- यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते. म्हणून पहिली पायरी रक्ततपासणीची.
- मारणं, लाज काढणं, हाताला चटका देणं याने सवय जात नाही. ती फक्त लपून सुरू राहते.
- सरकारी दवाखान्यात तपासणी आणि लोहाच्या गोळ्या मिळतात. मनाच्या त्रासासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

पायका म्हणजे काय?

‘पायका’ हा मूळ लॅटिन शब्द. मॅगपाय नावाच्या पक्ष्याचं ते नाव. हा पक्षी चोचीत काहीही उचलतो, असा समज होता, त्यावरून हे नाव पडलं. मराठीत काही जण ‘पिका’ असाही उच्चार करतात.

मानसिक आजारांच्या वर्गीकरणात पायकाचा समावेश खाण्याशी संबंधित विकारांमध्ये होतो. निदान करताना डॉक्टर साधारण चार गोष्टी पाहतात. पोषणमूल्य नसलेली, खाद्य नसलेली वस्तू किमान महिनाभर खाल्ली जात आहे का? त्या वयाला ते वागणं स्वाभाविक आहे का? ती समाजात रूढ असलेली पद्धत आहे का? आणि दुसरा एखादा आजार असेल, तर त्याच्या जोडीला या सवयीकडे वेगळं लक्ष देण्याची गरज आहे का?

यातला वयाचा मुद्दा आई-वडिलांसाठी महत्त्वाचा आहे. रांगणारं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. जग ओळखण्याची ती त्याची पद्धत असते. त्यामुळे साधारण दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पायका आहे असं सहसा म्हणत नाहीत. मात्र दोन वर्षांनंतरही मूल शोधून शोधून माती किंवा खडू खात असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

रूढ पद्धतीचा मुद्दा आपल्याकडच्या उदाहरणाने समजतो. विड्याच्या पानाला चुना लावून खाणं हा पायका नाही. मिश्री लावणं हाही पायका नाही, ते तंबाखूचं व्यसन आहे आणि त्याचे उपाय वेगळे आहेत. पण डबीतला चुना बोटाने नुसताच चाटत राहण्याची ओढ लागली असेल, तर डॉक्टरांशी बोलावं.

लोक काय काय खातात?

माती, मुलतानी माती, गेरू, चुलीची राख, कोळसा, विटेचे तुकडे, खापर, खडू, पाटीवरची पेन्सिल, रांगोळी, भिंतीचे पोपडे, कागद, कापूस, दोरा, केस, साबण. यादी मोठी आहे. एकाच माणसाला बहुधा एक-दोन ठरावीक वस्तूंचीच ओढ असते. पहिल्या पावसाचा किंवा ओल्या भिंतीचा वास आला की ती उफाळून येते, असं अनेक जण सांगतात.

बर्फ आणि कच्चे तांदूळ यांना काटेकोर अर्थाने अखाद्य म्हणता येत नाही. तरीही फ्रीजमधला बर्फ सतत चावत राहणं किंवा निवडायला घेतलेले तांदूळ मुठीने खाणं यांकडे डॉक्टर त्याच नजरेने पाहतात. बर्फ चावण्याची अनावर ओढ हे लोहाच्या कमतरतेचं ओळखीचं लक्षण आहे.

ही ओढ कुणाला आणि का लागते?

पायका कोणत्याही वयात, कोणत्याही घरात दिसू शकतो. तो जास्त दिसतो तो लहान मुलांमध्ये, गरोदर महिलांमध्ये आणि बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये व प्रौढांमध्ये. स्किझोफ्रेनिया, डिमेन्शिया अशा आजारांतही तो आढळतो. केस उपटून खाण्याची सवय किशोरवयीन मुलींमध्ये अधिक दिसते आणि तिचं नातं अनेकदा मनावरच्या ताणाशी असतं.

शरीराच्या बाजूने सर्वात ठळक कारण लोहाची कमतरता. जस्ताच्या कमतरतेशीही पायकाचा संबंध आढळला आहे. लोह कमी झाल्यावर माती किंवा बर्फच का हवासा वाटतो, याचं पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. पण उपचारांचा अनुभव स्पष्ट आहे. लोह द्यायला सुरुवात केल्यावर बर्फाची ओढ अनेकदा काही दिवसांतच ओसरते, हिमोग्लोबिन वाढायच्याही आधी.

यात एक दुष्टचक्र आहे. लोह कमी म्हणून माती खावीशी वाटते, आणि पोटात गेलेली काही प्रकारची माती अन्नातलं लोह धरून ठेवते, शरीराला मिळू देत नाही. मातीतून जंताची अंडीही पोटात जातात. त्यामुळे रक्त आणखी कमी होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण ५४.२ टक्के, तर गरोदर महिलांमध्ये ४५.७ टक्के होतं. या सगळ्यांना पायका असतो असं नाही. पण माती खाणाऱ्या मुलाच्या रक्ताची तपासणी आधी का करायची, ते या आकड्यांवरून समजतं.

‘डोहाळे आहेत, पुरवायला हवेत’

गरोदरपणात आंबट-तिखट खावंसं वाटणं, एखादा वास नकोसा होणं हे नेहमीचं आहे. डोहाळे पुरवण्याची पद्धत प्रेमाची आहे. अडचण अशी, की माती किंवा पेन्सिल खावीशी वाटली तरी ती डोहाळ्यांतच जमा होते आणि घरातलंच कुणी तरी भाजलेली माती आणून देतं.

ही ओढ आपल्याकडे फार जुनी आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त राणी सुदक्षिणा गरोदरपणी माती खाते, असं वर्णन आहे. पण आपल्या परंपरेने हे फक्त कौतुकाने पाहिलं असं नाही. चरकसंहितेत पांडुरोगाचे, म्हणजे शरीर पांढरंफटक पडण्याच्या आजाराचे, पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला पाचवा प्रकार माती खाल्ल्याने होणारा. माती खाणं आणि फिकटपणा यांचं नातं त्या वैद्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी माती हे कारण मानलं. आजचं वैद्यकशास्त्र म्हणतं की नातं दोन्ही बाजूंनी आहे.

गरोदर महिलेसाठी धोका दुहेरी असतो. मातीतलं शिसं आईच्या रक्तातून नाळेवाटे बाळापर्यंत पोहोचतं. तीव्र रक्तक्षय असेल, तर बाळंतपणात होणारा रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. म्हणून असे ‘डोहाळे’ लागले की ते आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगायलाच हवेत.

शरीराचं काय नुकसान होतं?

काय खाल्लं आणि किती खाल्लं, त्यावर हे अवलंबून असतं.

- दात: खडे, पेन्सिल, विटेचे तुकडे यांनी दात झिजतात, तुटतात.
- पोट: माती, केस, दोरा यांनी बद्धकोष्ठता होते. गोळा साचला तर आतडं बंद पडू शकतं. गिळलेल्या केसांचा पोटात घट्ट गोळा होतो. त्याची शेपटी आतड्यात उतरली तर त्याला ‘रॅपन्झेल सिंड्रोम’ म्हणतात आणि शस्त्रक्रिया करावी लागते.
- जंत: शेतातली, अंगणातली माती खाल्ल्याने जंत होतात.
- शिसं: जुन्या रंगाच्या पोपड्यांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात कडक मर्यादा लागू झाली ती २०१७ मध्ये. त्याआधी रंगवलेल्या भिंती, दारं, खिडक्या आजही घराघरांत आहेत. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिशाची थोडी मात्राही बाधते.

रील्स आणि ‘खाण्याची माती’

माती किंवा खडू कुरकुर आवाज करत खाण्याचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर भरपूर आहेत. ऑनलाइन बाजारात पाटीवरच्या पेन्सिली आणि भाजलेल्या मातीची पाकिटंही मिळतात. आपल्यासारखे खूप जण आहेत, हे पाहून एकटेपणा कमी होत असेल. पण असे व्हिडिओ पाहिल्याने ओढ जागी होते आणि ‘यात काही वावगं नाही’ असा समज घट्ट होतो.

माती भाजल्याने काही जंतू मरत असतील, पण शिसं किंवा आर्सेनिक भाजून जात नाही. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई वस्तूंच्या दुकानांत ‘सिकोर’ नावाची भाजलेली माती मिळते. तिच्यात शिसं आणि आर्सेनिक आढळल्याने गरोदर महिलांनी ती खाऊ नये, असा इशारा तिथल्या सरकारी यंत्रणांनी दिला आहे. पाकिटावर ‘नैसर्गिक’ लिहिलेलं असलं, तरी माती सुरक्षित ठरत नाही.

आणखी एक गोष्ट. माती खाणाऱ्या मुलाचा व्हिडिओ काढून टाकू नये. मूल मोठं होतं, व्हिडिओ मात्र तसाच फिरत राहतो.

डॉक्टरांना काय सांगायचं?

बहुतेक डॉक्टर हा प्रश्न आपणहून विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाही. त्यामुळे थकवा, चक्कर, पोटदुखी यांवर औषधं मिळतात आणि मूळ गोष्ट राहून जाते. दवाखान्यात इतकं स्पष्ट सांगितलं तरी पुरतं:

- काय खाल्लं जातं आणि साधारण किती
- कधीपासून आणि दिवसातून किती वेळा
- थकवा, धाप, पोटदुखी, बद्धकोष्ठता आहे का
- मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, गरोदरपण आहे का
- घरात ताण, भीती, शाळेतला त्रास असं काही सुरू आहे का

डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिन आणि रक्ताची सर्वसाधारण तपासणी करतात. शरीरातला लोहाचा साठा पाहण्यासाठी फेरिटिन तपासता येतं. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा कमी असू शकतो. जंतासाठी शौचाची तपासणी, रंगाचे पोपडे किंवा माती खाल्ली असेल तर शिशाची तपासणी, पोट दुखत असेल तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी सांगितली जाते.

उपचार काय असतात?

पायकावर ठरलेली एकच गोळी नाही. कारण सापडेल तसा उपचार होतो.

लोह कमी असेल तर लोहाच्या गोळ्या किंवा सिरप, आणि गरजेनुसार सलाईनमधून लोह. ओढ थांबली की गोळ्या थांबवायच्या नाहीत. साठा भरून निघायला काही महिने लागतात. गोळ्यांनी शौचाला काळी होते, त्याची भीती नको. गोळी चहासोबत घेऊ नये, कारण चहाने लोह कमी शोषलं जातं. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते अधिक शोषलं जातं. बाजरी, अळीव, पालेभाज्या, मटकी, अंडी, मांसाहार चालत असेल तर कलेजी हे सगळं उपयोगी आहे. पण रक्तक्षय झाल्यावर फक्त आहार पुरत नाही. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, एकदम जास्त खाल्ल्यास विषबाधा होते.

रक्त ठीक असूनही सवय सुटत नसेल, किंवा मुलाला ऑटिझम, बौद्धिक अक्षमता असेल, तर वर्तनोपचार उपयोगी पडतात. मूल ती वस्तू कधी खातं ते आधी पाहिलं जातं: एकटं असताना, कंटाळल्यावर की लक्ष वेधण्यासाठी? मग ती वस्तू नजरेआड करणं, त्या वेळी दुसरं काम देणं, चावायला सुरक्षित पर्याय देणं आणि न खाल्ल्याबद्दल लगेच शाबासकी देणं अशी योजना आखतात. ताण, चिंता किंवा केस उपटण्याची सवय असेल तर समुपदेशन आणि मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागते.

घरच्यांनी काय करावं?

ओरडण्याऐवजी विचारावं. “कधी खावंसं वाटतं?” या प्रश्नाला उत्तर मिळतं, “लाज वाटत नाही का?” याला मिळत नाही. भिंतीचे पोपडे खरवडून भिंत रंगवून घ्यावी. मात्र खरवडताना मुलं आणि गरोदर बाई दूर असावीत, धूळ ओल्या फडक्याने पुसावी. कुरकुरीत काही हवं असेल तर काकडी, गाजर, कडक भाकरीचा तुकडा द्यावा. पाच वर्षांखालच्या मुलांना शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात. मुलाच्या वर्गशिक्षकांना आणि अंगणवाडी ताईंना विश्वासात घेऊन सांगावं.

सातारा-सांगलीत मदत कुठे मिळते?

गावात: आशाताई, अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ही पहिली पायरी. हिमोग्लोबिन तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि जंतनाशक तिथेच मिळतात. लहान बाळांना लोहाचं सिरप, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, किशोरवयीन मुलामुलींना निळी आणि गरोदर महिलांना लाल गोळी दिली जाते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर महिलांची तपासणी होते. माण, खटाव, जत, आटपाडीसारख्या लांबच्या वस्त्यांसाठी हीच सोय सर्वात जवळची आहे. हंगामात बाहेरून आलेल्या ऊसतोड कुटुंबांनीही मुक्काम असेल तिथल्या अंगणवाडीशी आणि आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा.

शाळेत: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतं. त्या दिवशी ही सवय सांगावी. गरज असल्यास मुलाला पुढे जिल्हा पातळीवर पाठवलं जातं.

मोठी रुग्णालयं: साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडमध्ये वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, आणि मिरजेत १९६२ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचं रुग्णालय. लहान मुलांसाठी बालरोग विभागात, गरोदर महिलांनी स्त्रीरोग विभागात आणि प्रौढांनी मेडिसिन विभागात केस पेपर काढावा. मानसोपचार विभागात जायचं असेल तर तिथूनच चिठ्ठी मिळते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

फोनवर: ‘टेलिमानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीत समुपदेशकांशी बोलता येतं.

थांबू नये अशी लक्षणं

पोट फुगणं, हिरवट किंवा सतत उलट्या, शौच आणि वायू दोन्ही बंद होणं, शौचातून रक्त, मुलाला झटके येणं किंवा ते सुस्त पडणं. यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठावं, गरज पडल्यास १०८ ला फोन करावा. मुलाने बटन सेल, चुंबक किंवा सुई गिळली असेल तर लक्षणं दिसायची वाट पाहू नये आणि उलटी करवू नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मूल खडू खातं म्हणजे कॅल्शियम कमी आहे का?*
असा समज सर्वत्र आहे. पण पायकाशी ठळक संबंध दिसतो तो लोहाचा. स्वतःहून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू नयेत. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी घेतल्यास लोह कमी शोषलं जातं.

*जंताची गोळी दिली की सवय जाते का?*
जंत असतील तर गोळी हवीच. पण रक्त न तपासता फक्त जंताच्या गोळीवर थांबू नये.

*वयाबरोबर सवय आपोआप सुटते का?*
अनेक मुलांची सुटते. गरोदरपणातली ओढही बाळंतपणानंतर बहुधा कमी होते. पण तोवर पोटात गेलेलं शिसं आणि कमी झालेलं रक्त यांचं नुकसान होऊन गेलेलं असतं. रक्त कमी झालं आहे का, ते एका रक्ततपासणीने वेळेत कळू शकतं, आणि ती तपासणी जवळच्या आरोग्य केंद्रात होते.